मुद्रित वाक्याकडून उच्चारित वाक्याकडे : सुरेंद्र प्रताप सिंह यांची वृत्तकारकीर्द

भारतीय भाषांतील पत्रकारितेचा अभ्यास बहुधा मुद्रित माध्यमापुरता मर्यादित राहिला असून दूरचित्रवाणीवरील बातमीपत्राकडे संहिता म्हणून क्वचितच पाहिले गेले आहे. हिंदीतील राजकीय पत्रकार सुरेंद्र प्रताप सिंह (१९४८-१९९७) यांची कारकीर्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

गाझीपूर जिल्ह्यात जन्मलेल्या सिंह यांची जडणघडण कोलकात्याच्या परिसरात झाली. मुंबईत धर्मवीर भारती यांच्या संपादकत्वाखालील 'धर्मयुग'मध्ये त्यांनी उमेदवारी केली. पुढे आनंद बाजार समूहाने १९७७मध्ये सुरू केलेल्या 'रविवार' या साप्ताहिकाचे ते संपादक झाले व त्याला राजकीय वार्तांकनाचे अधिष्ठान दिले. त्यानंतर 'नवभारत टाइम्स'मध्येही त्यांनी संपादकीय जबाबदारी सांभाळली. साहित्यनिष्ठ नियतकालिकाकडून राजकीय वृत्ताकडे झालेला हा प्रवास त्यांच्या भाषेच्या घडणीत निर्णायक ठरला.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये दिला. त्याच वर्षीच्या जुलैत दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'आज तक' हे वीस मिनिटांचे बातमीपत्र सुरू झाले. निर्मिती खाजगी, वाहिनी मात्र शासकीय, अशी ही व्यवस्था होती. अशा चौकटीत विश्वासार्हता कशी मिळवावी, हा सिंह यांच्यापुढील खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी भाषेत शोधले. संस्कृतप्रचुर शासकीय हिंदीऐवजी त्यांनी छोटी वाक्ये व बोलण्यातील शब्द योजले. संपादकच निवेदक झाल्यामुळे वाक्य लिहिणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा यांतील अंतर नाहीसे झाले.

सप्टेंबर १९९५मध्ये गणेशमूर्ती दूध पीत असल्याची वार्ता देशभर पसरली, तेव्हा 'आज तक'ने मोच्याचे लोखंडी अवजारही तसेच दूध 'पिते' हे पडद्यावर दाखवले. पृष्ठताणाचे तत्त्व येथे व्याख्यानाविना, दृश्य आणि साध्या वाक्याच्या संयोगातून सिद्ध झाले. सुबोध भाषा म्हणजे लोकानुनय नव्हे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

दिल्लीतील 'उपहार' चित्रपटगृहाच्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा मृत्यू झाला. हे वृत्त निवेदित केल्यानंतर काही दिवसांतच सिंह यांना मेंदूतील रक्तस्राव झाला आणि २७ जून रोजी त्यांचे निधन झाले.

'ये थीं ख़बरें आज तक, इंतज़ार कीजिए कल तक' हे त्यांचे समारोपाचे वाक्य प्रसिद्ध आहे. दैनिकाच्या अंकाप्रमाणे बातमीपत्रालाही शेवट असतो, आणि त्या शेवटापर्यंत काय सांगायचे व काय वगळायचे हे संपादकाला ठरवावे लागते, ही मुद्रित परंपरेची जाणीव त्या वाक्यात आहे. ३१ डिसेंबर २००० रोजी 'आज तक' चोवीस तासांची वाहिनी झाली. तिने सिंह यांची बोलभाषा स्वीकारली, परंतु त्या भाषेला आकार देणारा पूर्णविराम नव्या रचनेत उरला नाही. त्यांच्या वारशाचे मूल्यमापन करताना शैलीचे हे सातत्य आणि संपादनाच्या अवकाशाचा हा लोप, या दोहोंचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.