पोलिओचा घाव कोठे बसतो?

पोलिओने पाय लुळा पडला, म्हणजे विकार पायातच असावा, असे सहज वाटते. वस्तुतः पाय निर्दोष असतो; घाव बसलेला असतो तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर.

या रोगाचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, घशात व आतड्यांत वाढतो आणि तेथून रक्तात उतरतो. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण येथेच मिटते. थोडा ताप येतो, किंवा तोही येत नाही. परंतु सुमारे २०० बाधितांपैकी एकाला तो कायमचे पांगळे करतो. मज्जारज्जूत पोहोचल्यावर तो स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशींचा नाश करतो. आज्ञा थांबली की स्नायू शिथिल होतात व पुढे झिजतात. स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत राहते. श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यास प्राणावरच बेतते.

मेलेली पेशी कोणतेही औषध परत आणीत नाही. म्हणून विषाणूला वाटेतच अडविणे, हाच खरा उपाय. आणि लस नेमके तेच करते. भारतात या विषाणूच्या नैसर्गिक प्रकाराचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला; २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. तथापि जगातून हा शत्रू अद्याप गेलेला नाही. तेव्हा आपल्या बालकाचा एकही डोस चुकू देऊ नये.