एका छडीचा अचाट हिशेब

वीस कोटी! हर्बर्ट फॉन कारायान या ऑस्ट्रियन वाद्यवृंद-संचालकाच्या इतक्या रेकॉर्डी जगभर खपल्या, असा अंदाज सांगितला जातो. सिनेमातली तीन मिनिटांची गाणी नव्हेत ही. तासाभराच्या सिंफनी, तीन-तीन, चार-चार तासांचे ऑपेरा! आणि या माणसाचं काम काय? हातात छडी धरायची आणि समोर बसलेल्या शंभर वादकांना एका श्वासात बांधायचं.

या वीस कोटींना आधी हात लावून बघू. मुंबईच्या लोकलमधून रोज सुमारे ७५ लाख माणसं प्रवास करतात. प्रत्येकाच्या पिशवीत कारायानची एकेक रेकॉर्ड द्या. वीस कोटी संपायला जवळजवळ २७ दिवस लागतील, रविवारसुद्धा सुट्टी न घेता! आता त्या सगळ्या मोठ्या एलपी आहेत असं धरू आणि जमिनीवर एकीला एक लावून ठेवू. एकेक ३० सेंटिमीटरची. रांग निघेल ६० हजार किलोमीटरची. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरलं तर ते चारशे वेळा भरेल. पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालून वर आणखी अर्धा! आणि प्रत्येक रेकॉर्ड चाळीस मिनिटांची धरून फक्त एकेकदा, एकामागून एक वाजवली, तर पंधरा हजार वर्षं सूर थांबणार नाहीत.

हे सगळं सुरू झालं ते फार लहान आकड्यांपासून. ५ एप्रिल १९०८ रोजी साल्झबर्गला, म्हणजे मोझार्टच्याच गावात, कारायानचा जन्म झाला. १९२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, जर्मनीतल्या उल्म या छोट्या शहराच्या नाट्यगृहात त्याने मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ हा ऑपेरा उभा केला. तिथे पाच वर्षं काढली. सत्ताविसाव्या वर्षी तो आखेन शहराचा संगीतप्रमुख झाला. त्या पदावर इतका तरुण माणूस तेव्हा अख्ख्या जर्मनीत नव्हता. १९३८ साली बर्लिनमध्ये त्याने वाग्नरचा ‘ट्रिस्टान’ सादर केला आणि एका वर्तमानपत्राने मथळ्यात त्याला चमत्कार म्हटलं. वय तीस!

याच वर्षांतला एक आकडा मात्र आनंदाने उच्चारता येत नाही. १६,०७,५२५. हा नाझी पक्षाच्या सभासदत्वाचा क्रमांक आहे. १९३३ च्या एप्रिलमध्ये कारायानने त्यासाठी अर्ज केला होता आणि पुढे १९३५ साली आखेनमध्ये दुसरा क्रमांकही त्याच्या नावावर लागला. युद्धानंतर, १९४६ साली, व्हिएन्नातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी घातली. ती १९४७ साली उठली. त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडताना ही नोंद गाळली, तर पुढच्या सगळ्या बेरजा खोट्या ठरतील.

बंदी उठली आणि आकड्यांनी उसळी घेतली. त्या उसळीत भारताचाही पैसा आहे! लंडनमध्ये वॉल्टर लेग या निर्मात्याने फिलहार्मोनिया नावाचा नवा वाद्यवृंद उभा केला होता. त्यात कारायान छडी घेऊन उभा राहिला, पण तिजोरीत खडखडाट होता. मदतीला धावले म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. पाश्चात्त्य संगीताचे मोठे जाणकार. त्यांनी देऊ केले वर्षाला दहा हजार पौंड, तेही तीन वर्षं. तेव्हा एका पौंडाचे सव्वातेरा रुपयांहून थोडे जास्त मिळत. म्हणजे एकूण चार लाख रुपये! आज हा आकडा किरकोळ वाटतो ना? थांबा. १९५० साली दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आसपास होतं. चार लाखांचं सोनं घेतलं असतं तर ते भरलं असतं चाळीस किलो. चाळीस किलो सोनं, लंडनमधल्या वाद्यवृंदासाठी, म्हैसूरहून!

पन्नाशीच्या दशकात तर या माणसाने युरोपचा नकाशाच खिशात घातला. बर्लिन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद त्याच्याकडे. १९५६ पासून साल्झबर्ग महोत्सव त्याच्याकडे. १९५७ पासून व्हिएन्नाचा सरकारी ऑपेराही त्याच्याकडे. शिवाय मिलानच्या ला स्काला रंगमंदिरातही काम चालूच. व्हिएन्ना ते बर्लिन हवाई अंतर सव्वापाचशे किलोमीटर, म्हणजे साडेतीन वेळा मुंबई-पुणे. व्हिएन्ना ते मिलान सहाशेच्या वर, म्हणजे चार वेळा मुंबई-पुणे. आज इथे तालीम, उद्या तिथे ऑपेरा. पुढे तर तो स्वतःच विमान चालवायला शिकला! त्याच काळात व्हिएन्नात शिकायला आलेला मुंबईचा एक मुलगा तिथल्या गायकवृंदात उभा राहून गात होता. कारण एकच: तिथून कारायानसारख्यांच्या तालमी अगदी समोरून बघायला मिळत. त्या मुलाचं नाव झुबिन मेहता.

आता साल्झबर्गला जाऊ, कारण तिथे संगीतासाठी चक्क डोंगर फोडला! महोत्सवाला मोठं नाट्यगृह हवं होतं आणि जागा होती ती म्योंखस्बेर्ग डोंगराच्या पायथ्याशी. कड्यातून ५५ हजार घनमीटर दगड काढला. किती म्हणजे किती? पाच मीटर रुंद आणि बारा मीटर खोल अशी एक चांगली विहीर डोळ्यांपुढे आणा. एवढ्या दगडात अशा सुमारे २३० विहिरी तळापासून काठापर्यंत बुजल्या असत्या. एखाद्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला दोन-दोन विहिरी! त्या पोकळीत जो रंगमंच बसला, त्याची रुंदी बाजूच्या जागांसह शंभर मीटर. लोकलचे पावणेपाच डबे त्यावर एका ओळीत उभे राहतील. २६ जुलै १९६० रोजी या नाट्यगृहाचा पडदा उघडला तेव्हा छडी कोणाच्या हातात असणार? रिशार्ड स्ट्राउसचा ‘रोझेनकाव्हालियर’ सुरू झाला आणि समोर कारायान!

तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १९६३ मध्ये, बर्लिनचं नवं फिलहार्मोनी सभागृह उघडलं. तिथेही तोच, आणि बेथोवनची नववी सिंफनी. बर्लिनच्या त्या वाद्यवृंदाशी त्याची सोबत जवळजवळ ३५ वर्षं टिकली. शाळेतून नुकता बाहेर पडलेला मुलगा नोकरीला लागून निवृत्तीच्या उंबरठ्याशी यावा, एवढा काळ एकाच वाद्यवृंदापुढे! बेथोवनच्या नऊच्या नऊ सिंफनी त्याने रेकॉर्डवर एकदा नव्हे, चार वेळा नोंदवल्या. पन्नाशीच्या दशकात, साठीच्या, सत्तरीच्या आणि ऐंशीच्याही. एका फेरीला साडेपाच तास धरा, म्हणजे चार फेऱ्यांचे बावीस तास. रात्री दहाला लावलं, तर दुसऱ्या दिवशी रात्री आठला संपेल!

आणि बेथोवन हा तर एक कोपरा झाला. डॉइचे ग्रामोफोन आणि डेका या कंपन्यांसाठी केलेली त्याची मुद्रणं एका पेटीत एकत्र काढली, तेव्हा नुसत्या सीडीच भरल्या ३३०. ईएमआयसाठी केलेली वेगळी, त्यांच्या १६० सीडी. एकूण ४९०! सरासरी तासाभराची एक धरली तर ४९० तास. डेक्कन क्वीनने रोज सकाळी पुण्याहून मुंबईला जायचं, संध्याकाळी परतायचं, कानाला यंत्र लावून फक्त कारायान ऐकायचा. सव्वातीन तास जाताना, सव्वातीन तास येताना. अडीच महिने लागतील!

सीडीचा विषय निघालाच आहे तर आता खरी गंमत. १९८१ साली साल्झबर्गमध्ये सोनी कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांच्या शेजारी बसून या नव्या चकतीची ग्वाही देणारा कलाकार कारायानच होता. जर्मनीतल्या कारखान्यात चाचणीसाठी जी पहिली सीडी निघाली, तिच्यावरही त्याचंच संगीत होतं: स्ट्राउसची ‘आल्पाइन सिंफनी’, जिला सव्वाशेच्या आसपास वादक लागतात. बारा सेंटिमीटरची चकती, पण तिच्यावर कोरलेली सर्पिल वाट उलगडली तर भरते पाच किलोमीटरहून अधिक. सीएसएमटीहून थेट चिंचपोकळी! ही वाट इतकी बारीक की माणसाच्या एका केसाच्या जाडीत तिचे पन्नास वेढे बसतात. आणि सरासरी तासाभराच्या त्या ४९० सीडींची वाट जोडली तर? सुमारे २,२०० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला सात वेळा जाऊन यायचं, वर आणखी थोडं!

त्या वाटेवर असतात शून्य आणि एक हे अंक. एका सेकंदाच्या संगीताला १४ लाख ११ हजार २०० अंक. एका सेकंदाला! ७४ मिनिटांची भरलेली चकती घेतली तर अंक होतात ६२६ कोटी. सेकंदाला एक याप्रमाणे, रात्रंदिवस, न जेवता, न झोपता मोजायला बसलं तर किती काळ लागेल? जवळजवळ १९९ वर्षं. ७ मे १८२४ च्या संध्याकाळी व्हिएन्नात बेथोवनची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली. त्या क्षणी कोणी मोजायला सुरुवात केली असती, तर तो थांबला असता २०२२ च्या अखेरीस! मध्ये दोन महायुद्धं होऊन गेली, माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी हाताखाली चकती तीच, पहिली.

आणि सरासरी तासाभराच्या अशा ४९० आहेत. सगळ्यांचे मिळून अंक: सुमारे २ लाख ४९ हजार कोटी. मोजायला लागतील ७९ हजार वर्षं! तेवढी वर्षं मागे गेलात तर जगात लिपी नाही, शेती नाही, चाक नाही. आणि यातलं किती संगीत त्या माणसाने समोर एक कागदही न ठेवता, डोळे मिटून, नुसत्या स्मरणावर उभं केलं! १६ जुलै १९८९ रोजी साल्झबर्गजवळच्या आनिफ या गावी तो गेला, ८१ व्या वर्षी. २३ एप्रिलला, म्हणजे तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, व्हिएन्नात त्याच्या छडीखाली ब्रुकनरची सातवी सिंफनी दुमदुमली होती.

जे मोजायला ७९ हजार वर्षं लागतील, ते रात्रंदिवस ऐकायला लागतात फक्त वीस दिवस. एवढा नफ्याचा सौदा दुसरीकडे कुठे मिळणार? सुरुवात १९६२ साली बर्लिनमध्ये नोंदवलेल्या नवव्या सिंफनीपासून करा. सुमारे ६७ मिनिटं. लावा आजच!