९० मिनिटांत न मावलेला अल्बम

हॉस्टेलवर मित्रानं मला ‘स्मॅशिंग पम्पकिन्स’चा अल्बम कॅसेटवर भरून दिला, तेव्हा तो एक गोष्ट सांगायला विसरला. ‘मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस’ हा दोन सीडींचा ऐवज आहे. २८ गाणी, दोन तासांहून थोडा जास्तच. कॅसेट होती ९० मिनिटांची. म्हणजे अर्ध्या तासाची कात्री त्यानंच लावली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. पहिली बाजू ‘पोर्सेलिना ऑफ द व्हास्ट ओशन्स’ या नऊ मिनिटांच्या गाण्याच्या ऐन मध्यावर खटकन संपायची. गाणं तसंच आहे, असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

ही कात्री हाच या अल्बमबद्दलच्या मतामतांचा गाभा आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हापासून ऐकणाऱ्यांचा एक पक्ष म्हणतो, यातली बारा-चौदा गाणी निवडली असती तर नव्वदच्या दशकातला सर्वोत्तम रॉक अल्बम झाला असता. दुसरा पक्ष म्हणतो, पसारा काढला की उरेल काय? वाद नवा नाही. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनातल्या दुहेरी अल्बमबद्दल खुद्द त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचंही मत एकच तबकडी काढावी असं होतं.

शिकागोचा हा बँड त्या वेळी ‘अल्टरनेटिव्ह’ या नावाखाली मोडायचा. म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरचा, आणि गंमत म्हणजे तोवर तोच प्रवाह झालेला. गायक-गिटारिस्ट बिली कॉर्गन सगळी सूत्रं हातात ठेवणारा माणूस. १९९३ च्या ‘सायामीज ड्रीम’मध्ये गिटार आणि बासचे बहुतेक भाग त्यानं स्वतःच वाजवले होते. या वेळी मात्र फ्लड आणि अ‍ॅलन मोल्डर या निर्मात्यांनी घडी बदलली. एका खोलीत गाणं, दुसऱ्या खोलीत त्याच वेळी वेगळं काम, त्यामुळे बँडमधल्या जेम्स ईहा आणि डार्सी रेट्झ्की यांनाही जागा मिळाली. पहिली सीडी ईहाच्या गाण्यानं संपते, हा त्याचाच पुरावा. कॉर्गनची महत्त्वाकांक्षा लपलेली नव्हती. आपल्या पिढीसाठी पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’सारखं काहीतरी करायचं, असं तो उघड बोलत होता. नावही तसंच: उदासीसाठीच्या इंग्रजी शब्दाची फोड करून एखाद्या मुलीचं नाव वाटावं, असं.

रचना दिवसाच्या क्रमानं. पहिल्या सीडीवर पहाट ते संध्याकाळ, दुसरीवर तिन्हीसांज ते चांदणं. तीन एलपींच्या आवृत्तीत तर सहा बाजूंना सहा वेळांची नावं आहेत, त्यातली एक चक्क ‘टी टाइम’. आपल्याकडच्या वाचकाला रागांचे प्रहर आठवतील. ते साम्य मी फार ताणणार नाही. या अल्बममध्ये ऐन ‘पहाटे’सुद्धा गिटारी कर्कश ओरडतात. शिवाय एलपीवर गाण्यांचा क्रमच वेगळा आहे आणि दोन गाणी जास्त आहेत. म्हणजे हाच एकमेव क्रम, असं बनवणाऱ्यांनाही वाटलेलं नाही.

ऐकणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर पहिली कॉर्गनच्या आवाजाबद्दल असते. नाकातला, कुरकुरणारा. तो ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी दोन तास ही शिक्षाच. दुसरी तक्रार शब्दांची: ‘झीरो’, ‘बुलेट विथ बटरफ्लाय विंग्ज’ यांतला संताप सोळाव्या वर्षी आपलाच वाटतो, चाळिशीत थोडं अवघडायला होतं. ती तक्रार मला मान्य आहे, पण दोष अल्बमचा की चाळिशीचा, ते ठरवता येत नाही. तिसरी तक्रार क्रमाची, आणि तिच्यात सर्वाधिक तथ्य आहे. ‘१९७९’ हे गाणं मंद, तरंगतं, पौगंडावस्थेतल्या संध्याकाळसारखं. तेही थोडक्यात वाचलेलं. फ्लडला ते पुरेसं चांगलं वाटत नव्हतं, म्हणून कॉर्गननं एका रात्रीत ते पुरं केलं. ते संपतं न संपतं तोच ‘टेल्स ऑफ अ स्कॉर्च्ड अर्थ’चा किंचाळणारा लोळ अंगावर येतो. काहींना हा धक्काच अल्बमची जान वाटतो. काहींना तो संपादकाची उणीव दाखवतो.

विक्रीचा आकडा या भांडणात नेहमी पुढे केला जातो: अमेरिकेत एक कोटीचं ‘डायमंड’ प्रमाणपत्र. त्यात एक मेख आहे. तिथल्या हिशेबात इतक्या लांबीच्या दुहेरी अल्बमची प्रत्येक तबकडी वेगळी मोजतात, म्हणजे विकलेले संच निम्मे. तरीही महाग दुहेरी सीडीसाठी तो आकडा अफाटच. आणि ‘कापा’ म्हणणाऱ्यांना बँडनं दिलेलं उत्तर? १९९६ मध्ये उरलेल्या गाण्यांनी भरलेला पाच सिंगल्सचा संच.

कापाकापीचा खेळ मी मित्रांमध्ये खेळून पाहिलाय. दहाबारा गाण्यांची यादी करा म्हटलं की ‘१९७९’ आणि तंतुवाद्यांचा ताफा घेऊन येणारं ‘टुनाइट, टुनाइट’ सगळ्यांकडे असतात. त्यापुढे फाटे फुटतात. एकाला ‘थर्टी-थ्री’ हवं, दुसऱ्याला सात मिनिटांचं ‘एक्स.वाय.यू.’. ‘लिली’ला आमच्यात एकानंच मत दिलं, आणि ते काढलंत तर मी खेळत नाही म्हणाला.

कॅसेट भरून देणाऱ्या त्या मित्राच्या यादीत ‘लिली’ नव्हती. ‘टेल्स ऑफ अ स्कॉर्च्ड अर्थ’ही नव्हतं. माझ्या कॅसेटवर ‘१९७९’नंतर थेट ‘थ्रू द आइज ऑफ रूबी’ सुरू व्हायचं. पुढे पूर्ण सीडी हाती आली, ‘पोर्सेलिना’चा शेवट पहिल्यांदा ऐकला, कापलेलं सगळं ऐकलं, त्यातलं निम्मं आवडलंही. पण ‘१९७९’ संपत आलं की कान अजून ‘रूबी’चीच वाट बघतात, आणि ती किंचाळी आली की मी दर वेळी दचकतो.