कुंपणच शेत खातं तेव्हा...

ऑफिसात पीसीवर निळा पडदा आला, की आपण कपाळावर हात मारतो. पण तो असतो मशीनने वेळीच मारलेला ब्रेक! आणि चूक नेमकी कुठे झाली, हे शोधणाऱ्या एका हत्यारामागे पुण्याचंही नाव आहे.

शुक्रवार, १९ जुलै २०२४. वीकएन्डचे प्लॅन ठरलेले, आणि अचानक जगभरच्या ऑफिसांतले पीसी पटापट निळे पडायला लागले. आपल्याकडे विमानतळांवर चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले! मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन्स बसली. व्हायरस? हॅकर? छे! क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं एक अपडेट चुकलं होतं. २० नोंदींच्या यादीत ते एकविसावी नोंद वाचायला गेलं. बस्स, एवढंच!

एका नोंदीने एवढा राडा?

हा फंडा समजायला परभणीला चला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून मिरवणारा जिल्हा. तिथल्या काळ्या रानात कुणालाही विचारा, भांडण कशावरून होतं? बांधावरून! शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला, की लगेच सातबारा बाहेर निघतो.

कम्प्युटरच्या मेमरीचंही तसंच. तिचे छोटे तुकडे पाडलेले असतात, एकेक साधारण ४,०९६ बाइट्सचा. कुठला तुकडा कुणाचा, कुणी नुसतं वाचायचं, कुणी लिहायचंही, याचा सातबारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहून ठेवतो. प्रोसेसर त्यावर सतत नजर ठेवतो. तुमच्या ब्राउजरने परक्या तुकड्यात पाय टाकला, तर कर्नल त्याला हाकलतो. ब्राउजर बंद, बाकी काम चालू!

पण कर्नलच्या आतलाच कोड बांध ओलांडतो तेव्हा? क्राउडस्ट्राइकचं सॉफ्टवेअर तिथेच बसलं होतं. कुंपणच शेत खायला लागलं, तर तक्रार कुणाकडे करायची? मग कशावरच भरवसा उरत नाही. काम तसंच रेटलं, तर तुमच्या फाइल्सवर कचरा लिहिला जायचा! म्हणून विंडोज सरळ थांबतं. लिनक्स ‘ऊप्स’ नावाचा पंचनामा छापतं: कोड कुठे अडकला, तिथवर कसा पोचला, कुठला पत्ता मागितला. पत्ता शून्याच्या आसपास असला, की जाणकार बहुतेक वेळा ओळखतात, पत्ताच न भरलेला पॉइंटर वापरलाय!

एक पेशंट, एक डॉक्टर

पंचनाम्याने भागलं नाही तर? बेशुद्ध कर्नल स्वतःची नाडी कशी बघणार? उपाय झकास आहे: दोन मशीन्स, मध्ये एक सिरियल केबल. फॉल्ट आला की पेशंट मशीन आहे तसं गोठतं, आणि डॉक्टर मशीनवरून एकेक व्हेरिएबल निवांत तपासता येतं. या हत्याराचं नाव केजीडीबी. लिनक्ससाठी २००० ते २००४ ते सांभाळलं अमित काळे यांनी, आणि नंतर २००६ पर्यंत पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीने.

गंमत म्हणजे, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सलाच कर्नलमध्ये डीबगर नको होता! डीबगर हाती आला की लोक विचार सोडून वरवरची मलमपट्टी करतात, असं त्याचं २००० मधलं म्हणणं. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षं अधिकृत कर्नलच्या उंबरठ्याबाहेर राहिलं. कर्नल बदलला, की पॅच पुन्हा जुळवत बसा! पुढे विंड रिव्हरच्या जेसन वेसलने धुरा घेतली, इंगो मोलनारसोबत त्याला सुटसुटीत केलं, आणि जुलै २००८ मध्ये, २.६.२६ व्हर्जनमध्ये, ते आत आलं. आजही तिथेच आहे.

तसा टोरवाल्ड्सचा मुद्दाही खोटा नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या वेळी एक फाइल उडवली की मशीन सुरू होत होतं. पण एकविसावी नोंद मागितलीच का, हे कळायला डोकंच चालवावं लागलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी निळा पडदा आला, तर चिडून प्लग उपटू नका. आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि आयटीवाल्याला दाखवा. खाली बारीक अक्षरांत लिहिलेला स्टॉप कोड असतो ना, भांडण कुठल्या बांधावर झालं, याचा पहिला धागा तोच!