महायुद्ध संपलं आणि झरीत सभा भरली

८ मे १९४५ला युरोपातलं महायुद्ध संपलं. त्यानंतर १५ दिवसांनी, २३ मेला, तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे ५,००० वारली जमले. या दोन तारखा पहिल्यांदा शेजारी-शेजारी पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला. आपल्या डहाणू-तलासरीला महायुद्धाचं काय, असंच आम्हाला वाटायचं. इथे कुठे बॉम्ब पडले?

बॉम्ब नव्हते, पण गुलामी होती. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, ही वेठ. लग्नापुरतं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराच्या दारी बांधली जात, ते लग्नगडी. सरकारला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. युद्धाच्या तोंडावर सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात हे सगळं लिहून ठेवलं होतं.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. माह्या धांगडा आणि आणखी काही वारली तिथवर गेले. मग किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे आले, आणि झरीत ठरलं: वेठ बंद, दिवसाला रोख १२ आणे, त्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. पाड्यापाड्यांवर लाल बावटा गेला, लग्नगडी मोकळे होऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून राबलेल्या माणसांनी काही आठवड्यांत हे करून दाखवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

पावसाळा सरला आणि लढा गवतावर आला. मुंबईच्या तबेल्यांतली जनावरं इथल्या गवतावर जगत. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, नाहीतर विळा उचलणार नाही, असं वारल्यांनी बजावलं.

१० ऑक्टोबरला तलवाड्यात मोठा जमाव लोटला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, लाठ्या घेऊन या, असा खोटा निरोप पसरवला गेला होता. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. जपानने शरणागतीवर सही केली त्याला तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता. जगात शांतता होती, तलवाड्यात गोळ्या चालल्या.

तरी संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हे सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या शाळांत ते पुस्तक वाचून दाखवायला हवं, आणि १० ऑक्टोबरला हुतात्म्यांना वंदन करायला तलासरीत जमणाऱ्या गर्दीत मुलांनाही न्यायला हवं.