कुकडीच्या काठचा ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जपानचा फुजियामा येतो, नाहीतर इटलीतला व्हेसुव्हियस. शंकूसारखा डोंगर आणि माथ्यावर धूर. शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र काही केल्या पुसलं जात नाही. म्हणून पुण्यातल्या माणसाला 'चला, रविवारी ज्वालामुखीच्या प्रदेशात जाऊन येऊ' असं म्हटलं, तर तो हसतो. खरं तर त्याला कुठं जायलाच नको. पर्वती, सिंहगड, घराच्या पायाखालचा कातळ, कुंडीतली काळी माती, सगळी त्याचीच देणगी. पण रोजचं दिसणारं नीट दिसत नाही, म्हणून आम्ही पाचजण एका गाडीत बसून गेल्या नोव्हेंबरात पहाटे पाचला नाशिक रस्त्याला लागलो. आमच्यात एक भूगोलाचे निवृत्त मास्तर होते. पाचांहून जास्त माणसं न्यायची नाहीत, ही अट त्यांची.

कुकडी नदी धरून वरून खाली यायचं, असा बेत होता. पहिला मुक्काम नाणेघाट, पुण्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की पायांपुढची जमीन संपते आणि कोकण एकदम खाली दिसतं. त्या कड्याकडे नीट पाहा. एकावर एक रचलेल्या आडव्या पायऱ्या दिसतील. अशा खडकाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं शंकूचे डोंगर नव्हते, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या होत्या. त्यांतून लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा पसरला. आज उरलेला हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापून आहे. आपली भूमी त्या वेळी आशियाला जोडलेली नव्हती. ती पार दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाखाली जो तप्त स्रोत आहे त्याच्यावरून सरकत होती.

दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा पट्टा दिसतो. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत इतका काळ गेला, की वरच्या खडकाची माती झाली. मग नवा लाव्हा त्या मातीवरून गेला आणि ती विटेसारखी भाजली. कवितेत दोन ओळींमधल्या जागेला किती महत्त्व असतं, ते मला ठाऊक आहे. इथं ती जागा डोळ्यांना दिसत होती. डायनासोर संपले तेही याच सुमारास. दोष या लाव्हाचा किती आणि मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि वर दगडी रांजण. त्यात जकात टाकत, असं सांगतात. तो रांजण लक्षात ठेवा.

तिथून जुन्नरमार्गे बोरी बुद्रुकला आलो. गाव साधं, नदीकाठ साधा. पण काठाच्या मातीत एक फिकट पांढुरका थर आहे, तो राखेचा. खाली पडलेली चिमूटभर राख बोटांत चोळली तर ती बारीक काचेसारखी खरखरते, कारण ती काचच असते. ही राख आपल्या लाव्हाची नव्हे. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, तीन हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर बसून. तोबाचा मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, पण काही अभ्यासकांच्या मते बोरीची राख त्याच ज्वालामुखीच्या कितीतरी आधीच्या, काही लाख वर्षं जुन्या स्फोटाची आहे. हा वाद क्षुल्लक नाही. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारं, हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राखेचं वय ठरलं तर या नदीवर पाणी प्यायला येणाऱ्या त्या माणसाचं वय ठरायला मदत होते. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाचं पहिलं पान इथं आहे, म्हटलं तर चालेल.

आमच्यातल्या एकानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. नातवाला दाखवायला मूठभर न्यायची होती. मास्तर इतकंच म्हणाले, "अहो, चाळीसजणांची बस आली असती तर?" पिशवी परत खिशात गेली. थर थोडा आहे, दर पावसाळ्यात नदी त्याला खाते. आंध्रात ज्वालापुरमला अशीच तोबाची राख भांडी घासायच्या पावडरीसाठी खणून नेली जाते. बोरीला कुणी काही नेऊ नये, आणि गेलंच तर अभ्यासकानं न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी निघोजला पोचलो. इथं तेच कुकडीचं पाणी कातळात उतरलं आहे. पुराबरोबर आलेले गोटे खळग्यात अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खडक कोरत राहतात. हजारो वर्षांत त्याचे रांजण होतात. नाणेघाटचा रांजण माणसानं घडवला, हे गोट्यांनी. शेजारी मळगंगा देवीचं देऊळ आहे. काठ गुळगुळीत आहेत आणि खळगे खोल, तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

गंमत म्हणजे ज्या खडकावर नदी एवढं कोरीव काम करते, तो खडक पाणी धरायला मात्र कंजूष. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं ते भेगांत, वरच्या मुरुमात आणि बुडबुड्यांची भोकं असलेल्या थरात. नाणेघाटात पाऊस धो धो कोसळतो, इकडे पारनेर तालुक्यात तो हात आखडता घेतो, आणि पडेल तेही खाली साठायला जागा कमी. उसाचं आणि बोअरचं गणित करताना हे कोणी पाहत नाही.

परतताना एका मळ्यात विहिरीचं काम चालू होतं. मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. वर उभ्या शेतकऱ्याला मी विचारलं, "दादा, किती खाली गेलात?"

"पन्नास फूट झाले."

"पाणी?"

"काळा पाषाण लागलाय. त्याच्याखाली मांजऱ्या निघाला तर लागंल," तो म्हणाला आणि खाली काम करणाऱ्यांना त्यानं दोर सोडला.