बिनव्याजी कर्ज देणारा सम्राट

नेवाशात प्रवरेकाठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळाच्या थरात रोमी अँफोरांची खापरं निघाली. या दोन कानांच्या उंच रांजणांतून भूमध्य समुद्राकडची दारू जहाजानं भारतात यायची. आमच्या गावाचं नाव निघालं की लोक ज्ञानेश्वरीकडे आणि ती जिथं सांगितली गेली त्या पैस खांबाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या खापरांच्या काळात रोमच्या गादीवर बसलेला एक माणूस मला फार जवळचा वाटतो. तो म्हणजे टायबेरियस. माझी सारी नोकरी विकास सोसायटीच्या कर्जखात्यांत गेली, हे त्याचं कारण.

त्याचा जन्म इ.स.पूर्व ४२चा. सम्राट ऑगस्टसचा हा सावत्र मुलगा. मनासारखी बायको, विप्सानिया, सोडून त्याला ऑगस्टसच्या मुलीशी लग्न करावं लागलं. पुढं एकदा विप्सानिया दिसली तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणून तिच्या मागोमाग गेला, असं रोमी चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. इ.स. १४ मध्ये गादी मिळाली, तेव्हा पंचावन्नावं वर्ष लागलं होतं.

हाताचा तो घट्ट. इ.स. २२ मध्ये त्यानं सिनेटला कळवलं, की बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परमुलखात चाललाय. त्या परमुलखात आपणही आलो. भारतात सापडलेल्या रोमी चांदीच्या नाण्यांत ऑगस्टसची आणि त्याचीच नाणी सर्वांत जास्त आहेत.

मला खरं सांगायचंय ते इ.स. ३३चं. सावकारीचा जुना कायदा कडक लागू झाला आणि सावकारांनी एकदम सगळी मुद्दल मागितली. त्यांनी आपल्या पैशाचा ठरावीक हिस्सा इटलीतल्या जमिनीत घालावा, असा हुकूम होता. पण भाव पडेपर्यंत ते पैसा दाबून बसले. कर्जदार जमिनी विकायला निघाले, घेणारा कोणी नाही. भाव कोसळले, घराणी बुडाली. तेव्हा टायबेरियसनं दहा कोटी सेस्टर्स (रोमी नाणी) पेढ्यांमार्फत खुले केले. तीन वर्षं व्याज नाही. अट एकच, कर्जाच्या दुप्पट किमतीची जमीन तारण. हळूहळू बाजारात विश्वास परतला. जप्तीची नोटीस हातात घेऊन उभे राहिलेले शेतकरी मी पाहिलेत. दोन हजार वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला तारण आणि मुदत इतकी नेमकी कळली होती, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

म्हणून त्याचे गुन्हे पुसले जात नाहीत. इ.स. २६ पासून तो काप्री बेटावर जाऊन राहिला आणि रोम सेजानस या अधिकाऱ्याच्या हाती गेलं. राजद्रोहाच्या खटल्यांत कितीतरी माणसं मारली गेली. ३१ मध्ये सेजानसलाच देहदंड झाला, आणि त्याच्या अजाण मुलांनाही सोडलं नाही. कर्जदारांची कणव असणाऱ्याच्या राजवटीत हे घडावं, याचं वाईट वाटतं.

इ.स. ३७ मध्ये तो गेला तेव्हा रोममध्ये लोकांनी आनंद केला. तिजोरीत दोनशे सत्तर कोटी सेस्टर्स शिल्लक होते. पुढच्या सम्राटानं, कॅलिग्युलानं, ते वर्षाच्या आत उडवले.